शब्दांची साक्ष



अल्लाहची स्तुती आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांच्यावर दुरूद व सलाम केल्यानंतर एका प्रश्नाकडे वळतो. गेल्या जुमाच्या नमाजनंतर एक गृहस्थ वजूच्या हौदापाशी थांबले. त्यांच्या मुलीने गावातल्या आटलेल्या विहिरीवर मराठी कविता लिहिली आहे आणि महाविद्यालयाच्या काव्यवाचनासाठी तिची निवड झाली आहे. ते म्हणाले, “मौलाना, मतमोजणी होईपर्यंत गप्प बस, असे मी तिला सांगितले. कोण चित्रफीत काढील आणि तिचा काय अर्थ लावील, सांगता येत नाही. मी चुकलो का?”

त्यांची भीती खोटी नाही. प्रचाराच्या दिवसांत साध्या शब्दालाही धार लावली जाते. बापाचे काळीज धास्तावले, यात त्याचा दोष नाही. परंतु आज सावधगिरी म्हणून पत्करलेले मौन उद्या स्वभाव होऊन बसते, याचाही विचार व्हावा.

दिव्य कुरआनच्या सूरह शुअरामध्ये, २२४ ते २२७ या आयतींत, कवींचा उल्लेख आहे. दिशाहीन भटकणाऱ्या आणि स्वतः करत नाहीत ते बोलणाऱ्या कवींची तेथे निंदा आहे. हे वर्णन आजच्या प्रचारसभांनाही किती लागू पडते! पण लगेच अपवाद सांगितला आहे: जे श्रद्धा बाळगतात, सत्कर्मे करतात, अल्लाहचे पुष्कळ स्मरण करतात आणि अन्याय झाल्यावर आपला बचाव करतात, ते त्या निंदेतून वगळले आहेत. म्हणजे दोष काव्याचा नसून असत्याचा आहे. प्रेषितांनी (स.) आदरणीय हस्सान बिन साबित (रजि.) यांच्यासाठी मशिदीत मिंबर ठेवविला आणि त्यावरून त्यांनी काव्य म्हटले. संगीताविषयी उलेमांत मतभेद आहेत. येथे प्रश्न शब्दांचा आहे.

हे शब्द मराठी असले तर ते परके ठरत नाहीत. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीतच रचला. त्यांच्या मतांची चिकित्सा विद्वानांनी अवश्य करावी, पण त्यांची भाषा आपल्या घरची आहे. १९१६ साली बार्शीत जन्मलेल्या शाहीर अमर शेख यांचा आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गावोगावी घुमला. त्या भाषेत बोलण्यासाठी आपल्या लेकरांनी कोणाची परवानगी मागावी?

मात्र हक्काबरोबर जबाबदारीही येते. सूरह हुजुरातची सहावी आयत बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा देते आणि अकरावी आयत एका समूहाने दुसऱ्याची थट्टा करण्यास मनाई करते. आपल्या मोबाइलवर आलेले, समोरच्यांची टर उडवणारे गाणे आपण हसत पुढे पाठवतो, तेव्हा या दोन्ही आज्ञांचे काय होते? आपल्यावर झालेली थट्टा बोचते, तशी आपण केलेलीही कोणाला तरी बोचते.

मतदानाचेही असेच आहे. मत ही एक साक्ष आहे, असे अनेक उलेमांनी सांगितले आहे. सूरह निसाच्या १३५ व्या आयतीनुसार न्यायाची साक्ष द्यावीच लागते, मग ती स्वतःविरुद्ध किंवा आप्तांविरुद्ध का असेना. म्हणून ती पैशासाठी विकू नये, भीतीपोटी लपवू नये आणि केवळ जातभाई म्हणून कोणाला देऊ नये.

त्या गृहस्थांना मी म्हणालो, “भाईजान, कविता आधी तुम्ही वाचा. तिच्यात खोटे नसेल, कोणाची अवहेलना नसेल, तर मुलीला वाचू द्या आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसा. भीती तुम्ही सोसा, तिच्या पदरात टाकू नका.”

ते काही वेळ गप्प राहिले. मग त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. तो त्यांनी आधीच जवळ बाळगला होता.

अल्लाह आपल्या जिभेला सत्य, लेखणीला सौजन्य आणि मनाला धीर देवो. आमीन.