कमळाइसेचा नकार

लीळाचरित्राच्या एकांक भागात सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या गुजरातेतील लीळा म्हाइंभटांनी संगृहीत केल्या आहेत. त्यांत द्यूताची एक लीळा आहे. प्रधानपुत्र हरिपाळदेव या नात्याने राहत असता स्वामींनी द्यूतक्रीडेचा स्वीकार केला. डावात द्रव्य हरले, तेव्हा ते देणे भागविण्यासाठी गृही येऊन त्यांनी कमळाइसेकडे तिचे अलंकार मागितले. कमळाइसेने ते दिले नाहीत. या नकाराचे निमित्त करून स्वामींनी संसाराविषयी औदासीन्य स्वीकारले आणि पुढे रामटेकच्या यात्रेच्या निमित्ताने गुजरातेतून प्रस्थान ठेवले. मार्गातील वासनिकांना ही लीळा सुपरिचित आहे.

परमेश्वरास व्यसन जडत नाही, कारण त्यास बंधनच नाही. यास्तव ही लीळा अनुकरणासाठी नव्हे, हे प्रथमच ध्यानी घ्यावे. तथापि अवताराची कोणतीही लीळा जीवाच्या बोधावाचून नसते. या लीळेचे विवरण बहुधा वैराग्याच्या अंगाने केले जाते आणि ते युक्तच आहे. परंतु तिला दुसरेही एक अंग आहे. घरातील एका स्त्रीने खेळाचे देणे फेडण्यास नकार दिला आणि त्या नकारापाशी खेळ थांबला. आजच्या काळी मद्य, तंबाखू, गांजा आणि त्यांहून घातक अशा अमली द्रव्यांनी घरोघर जे अनर्थ मांडले आहेत, त्यांचा विचार करताना हे दुसरे अंग विशेष मननीय ठरते.

व्यसन एका जीवास जडते खरे, परंतु ते पोसले जाते अनेकांच्या हातून. पती पिऊन पडला की पत्नी त्याच्या मालकाला निरोप धाडते, ‘आज त्यांना ताप आला आहे.’ दारूविक्रेत्याची उधारी थकली की वृद्ध पिता अब्रूच्या भयाने ती गुपचूप चुकती करतो. बहीण राखीपौर्णिमेला आलेली असता आपल्या कानातले काढून देते. यांपैकी कोणाचाही हेतू वाईट नसतो. सर्वांच्या ठायी माया असते. तथापि व्यसनाचे फळ व्यसनीपर्यंत पोहोचू न देणारी ही माया व्यसनाचेच खतपाणी ठरते. पुण्यात 29 ऑगस्ट 1986 रोजी डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या आर्थिक साहाय्याने ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे रुग्णाच्या उपचाराबरोबरच त्यांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट चालविला जातो, त्याचे मर्म हेच. पतीचे व्यसन झाकणे, त्याचे देणे फेडणे, त्याच्या वतीने खोटे बोलणे यांतून स्त्रीने बाहेर पडावे आणि स्वतःचे मन सावरावे, हा त्यातील मुख्य भाग होय. कमळाइसेने जे एका शब्दात केले, ते शिकण्यास आजच्या स्त्रीला आधार लागतो.

येथे अशी शंका उपस्थित होईल की, कमळाइसा प्रधानाच्या घरी होती; तिने नकार दिला आणि तो ऐकला गेला. परंतु कापूस वेचून चार पैसे गाठीला बांधणारी मजूर स्त्री जर मद्यधुंद पतीला ‘देत नाही’ म्हणाली, तर त्या रात्री तिच्या पाठीवर वळ उठतील. मग हा बोध तिला कसा उपयोगी पडावा? शंका यथार्थ आहे. तिचे समाधान असे की, अशा स्त्रीच्या नकारामागे गाव उभे राहिले पाहिजे. एकटीचा नकार मारास कारण होतो, तर गावाचा नकार नियम होतो. व्यसनमुक्तीच्या कार्यात कुटुंब, गाव, शासन, वैद्य आणि धर्मसंस्था यांनी हातात हात घालणे अवश्य का, याचे उत्तर याच ठिकाणी सापडते.

याचे एक उदाहरण विदर्भातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, दीर्घ आंदोलनानंतर 1993 साली दारूबंदी लागू झाली. परवानाधारक दुकाने बंद झाली, परंतु चोरटी दारू राहिली. केवळ कायद्याने जीवाची वासना मरत नाही, याचा हा प्रत्यय होता. तेव्हा 2016 साली तेथे ‘मुक्तिपथ’ नावाने दारू व तंबाखूविरुद्ध जिल्हाव्यापी कार्य उभे राहिले. त्यात महाराष्ट्र शासन, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था, टाटा ट्रस्ट आणि गावोगावचे लोक असे सर्व सहभागी झाले. या कार्याची रचना पाहण्यासारखी आहे. शाळा व गावे यांत जागृती करावी. गावात स्त्री-पुरुषांची संघटना बांधून गावाने स्वतःच दारूविक्री बंद करावी. जे ऐकत नाहीत त्यांच्यासाठी पोलीस व प्रशासन यांनी कायदा वापरावा. आणि जे सोडू इच्छितात परंतु सोडू शकत नाहीत त्यांच्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी व गावातील शिबिरांत उपचार असावेत. या चारांपैकी एक अंग वगळले तर उरलेली तीन लंगडी होतात. उपचार घेऊन परतलेल्यास गावाच्या वेशीवरच दारू मिळाली, तर उपचार वाया जातो. विक्री बंद झाली परंतु उपचार नसले, तर पिणारा शेजारच्या गावी जातो.

महाराष्ट्रात अन्यत्र जेथे परवान्याचे दुकान असते, तेथील स्त्रियांनाही एक साधन उपलब्ध आहे. गावातील वा प्रभागातील स्त्रियांनी विहित संख्येने मागणी केली असता गुप्त मतदान घेतले जाते आणि निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी बाटली ‘आडवी’ केली, तर दुकान बंद होते. मतपेटीत पडलेली ती चिठ्ठी म्हणजे शेकडो कमळाइसांचा एकवटलेला नकारच होय.

मार्गात हत्तीचा दृष्टांत सर्वश्रुत आहे. दृष्टिहीनांनी हत्तीस स्पर्श केला. कोणास तो सुपासारखा, कोणास खांबासारखा, कोणास मुसळासारखा वाटला. प्रत्येकाचे सांगणे एका अवयवापुरते खरे, आणि संपूर्ण हत्ती मात्र कोणासही कळला नाही. व्यसनाचेही तसेच आहे. वैद्य म्हणतो, हा मेंदूचा विकार. पोलीस म्हणतो, हा गुन्हा. शिक्षक म्हणतो, ही संगतीची बाधा. माता म्हणते, हे माझ्या कर्माचे भोग. कीर्तनकार म्हणतो, हे पाप. प्रत्येकाच्या हाती एकेक अवयव आहे. आपल्या हातीचा अवयव हाच संपूर्ण हत्ती होय, असा आग्रह धरणारा रुग्णाचे अहित करतो. या आग्रहातून धार्मिक पुरुषही सुटलेले नाहीत.

हे विशेष स्पष्ट करणे अवश्य आहे. दीर्घकाळ नित्य व पुष्कळ मद्य पिणाऱ्या मनुष्यास शपथ घालून एकाएकी मद्य बंद करविले, तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हातपाय कापणे, घाम येणे, आकडी येणे, भ्रम होऊन भलतेच दिसू लागणे असे प्रकार घडू शकतात, आणि त्यांत प्राणही जाऊ शकतो. श्रद्धेने मठात आणून खोलीत कोंडलेला मनुष्य दगावला, तर ती हिंसाच होय. अहिंसा हा ज्या मार्गाचा प्राण, त्याने हे जाणले पाहिजे. तद्वतच काही घरांत पतीच्या नकळत भाजीत वा चहात दारू सोडविण्याचे औषध कालविले जाते. ते पोटात असता त्याने मद्य घेतले, तर तीव्र प्रतिक्रिया होऊन जीवावर बेतते. औषध हे वैद्याच्या देखरेखीखाली आणि रुग्णाच्या संमतीनेच द्यावयाचे असते. म्हणून शपथेच्या आधी वैद्य, आणि वैद्यानंतर शपथ, हा क्रम चुकवू नये.

व्यसनाची व्याप्ती केवढी, हेही पाहावे. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल 2019 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात सुमारे 16 कोटी लोक मद्य घेतात आणि सुमारे 5 कोटी 70 लाखांचे मद्यपान उपाधीच्या वा अवलंबित्वाच्या पायरीला पोहोचलेले आहे. मद्यावर अवलंबून असलेल्या अडतीसांपैकी केवळ एकास काही उपचार मिळाल्याचे त्यात आढळले. उरलेले सदतीस कोठे आहेत? ते घरात आहेत, आणि घराने त्यांना झाकले आहे.

आता दुसरी शंका. उपदेश घेताना वासनिकाने मद्यमांसादी व्यसनांचा त्याग केलेलाच असतो. मग हा विषय मार्गाबाहेरच्यांचा नव्हे काय? याचे उत्तर देण्यास धैर्य लागते. ज्या घरी उपदेश आहे, त्या घरी व्यसन शिरले तर ते अधिक खोल दडविले जाते. पुत्र रात्री शेताच्या बांधावर बसून पितो. सकाळी घरात विडावसर होतो, परंतु तो तेथे बसत नाही. माता विचारणाऱ्यांस सांगते, ‘कामाला गेला आहे.’ कारण उपदेश मोडला हे कळले, तर मठात मान खाली घालावी लागेल, भगिनीचा विवाह अडेल. हळूहळू तो पर्वाला येईनासा होतो. कोणी त्याची चौकशी करीत नाही. आणि मग महंतांच्या कानी त्याच्या व्यसनाची वार्ता येते, ती त्याच्या मरणाच्या वार्तेबरोबरच. अशा घरी दोष केवळ पुत्राचा आहे काय? ज्या व्रताने त्याचे रक्षण व्हावयाचे, त्याच व्रताचे भय घरच्यांच्या मुखास कुलूप झाले, याचा विचार मार्गानेच केला पाहिजे.

तिसरी शंका अशी की, भिक्षूने संसार सोडला आहे. त्याने गावाच्या उठाठेवीत का पडावे? भिक्षूने पोलिसांचे वा पुढाऱ्यांचे काम करावे असे येथे म्हणणे नाही. परंतु अटन व भिक्षा हा त्याचा आचारच आहे. तो ज्या उंबऱ्यावर उभा राहतो, तेथपर्यंत वैद्य पोहोचत नाही आणि शासनही पोहोचत नाही. कोणत्या घरात चूल पेटली नाही, कोणत्या मातेचा डोळा सुजला आहे, हे त्यास दिसते. तपस्विनींजवळ तर स्त्रिया जे बोलतात, ते अन्य कोणापाशीही बोलत नाहीत. म्हणून चार गोष्टी सहज घडू शकतात. ऐकलेले कोणास न सांगणे. पिणाऱ्याशी तो शुद्धीवर असता, सकाळच्या वेळी, तिरस्कार न करता बोलणे. त्यास ग्रामीण रुग्णालयात वा व्यसनमुक्ती केंद्रात धाडणे, किंवा 14446 या शासकीय साहाय्यवाणीचा क्रमांक घरच्यांच्या हाती देणे. आणि चौथी व कठीण गोष्ट म्हणजे, तो परत येईल तेव्हा त्यास जागा देणे.

कठीण अशासाठी की, तो पुन्हा पिण्याचा संभव असतो. उपचारानंतरच्या प्रारंभीच्या महिन्यांत घसरणे हे या विकारात वारंवार घडते, हे वैद्यांस ठाऊक आहे. अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे 1935 साली दोन मद्यासक्तांच्या भेटीतून ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही संघटना जन्मास आली. तिच्या सभा आज महाराष्ट्रातही मराठीत भरतात. तेथे घसरून परतलेल्यास बाहेर काढत नाहीत, पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजू लागतात. मार्गासही हे अपरिचित नाही. दोष घडला असता खंती करावी, प्रायश्चित्त घ्यावे आणि पुन्हा आचारास लागावे, हीच रीत आहे. दोषास क्षुल्लक मानू नये, आणि दोषी जीवास त्याज्यही मानू नये. ज्याची खंती खरी, त्यास मागच्या ओळीत का होईना, बसण्यास आसन असावे. कारण ते मिळाले नाही, तर त्याच्यासाठी नेहमी जागा राखून ठेवणारा दुसरा एकच दरवाजा गावात असतो, आणि तो गुत्त्याचा.

सारांश, व्रत एकाने घ्यावयाचे असते, परंतु ते टिकते अनेकांच्या आधाराने. कमळाइसेने अलंकार दिले असते, तर त्या दिवशीचे देणे फिटले असते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डाव मांडला गेला असता. वासनिक माता-भगिनींनी असे अलंकार देऊ नयेत, खोटा निरोप धाडू नये, घरातील दुःख मठापासून लपवू नये. आणि त्या नकार देतील त्या रात्री त्यांच्या दारात चार माणसे उभी असावीत, ही जबाबदारी शेजाऱ्यांची, गावाची आणि मठाची. त्या चारांत एक उपदेशी नसेल, तर लीळेचे श्रवण कानापर्यंतच राहिले असे म्हणावे लागेल.