निद्रा, अक्ल आणि अमानत

पवित्र कुरआनच्या सूरह अन-नबामध्ये अल्लाहने आपल्या देणग्या मोजून सांगितल्या आहेत. निद्रेला विश्रांतीचे साधन, रात्रीला आच्छादन आणि दिवसाला उपजीविकेची वेळ केल्याचा उल्लेख तेथे एकापाठोपाठ येतो. आपण मात्र निद्रेला उरल्यासुरल्या वेळेचा वाटा देतो. कामे, गप्पा आणि मोबाइल आटोपल्यावर जे शिल्लक राहील, तेवढेच तिच्या पदरी पडते.

गेल्या हिवाळ्यात फज्रच्या नमाजनंतर एक गृहस्थ माझ्याजवळ येऊन बसले. अंबरनाथ पूर्वेच्या आनंदनगर औद्योगिक वसाहतीत ते कामाला आहेत. त्यांची पाळी सतत बदलते. एका आठवड्यात दिवसा झोपायचे, तर पुढच्या आठवड्यात रात्री. ते म्हणाले, "मौलाना, किती रकअत झाल्या हे हल्ली लक्षात राहत नाही. काल क्षुल्लक कारणावरून मुलावर हात उगारला. हा गुनाह माझा की माझ्या झोपेचा?"

या प्रश्नाचे उत्तर घाईने देण्यासारखे नव्हते. इस्लामी विद्वानांनी शरीअतच्या पाच मूलभूत उद्दिष्टांत अक्लच्या रक्षणाला स्थान दिले आहे. मद्य निषिद्ध ठरले त्यामागेही ते अक्लवर पडदा टाकते, हे एक मोठे कारण आहे. मग अपुऱ्या निद्रेने तोच पडदा पडत असेल तर? १९९७ साली ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी 'नेचर' या नियतकालिकात दाखवून दिले की, सलग सतरा तास जागलेल्या माणसाचा हात आणि नजर यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतका बिघडतो. भारतात वाहनचालकासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे मद्याच्या थेंबालाही न शिवणारा मोमिन केवळ जागरणाने त्या मर्यादेपलीकडच्या अवस्थेला पोहोचू शकतो. जागरण हराम आहे, असा फतवा मी देत नाही. पण अक्ल ही अमानत मानणाऱ्याने या साम्यावर विचार करावा.

निद्रा किती तास, हा झाला अर्धा प्रश्न. ती रोज त्याच वेळी येते का, हा उरलेला अर्धा. शरीराला स्वतःचे घड्याळ असते आणि ते प्रकाश-अंधाराशी जुळवून चालते. या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी हार्वर्डच्या ६१ विद्यार्थ्यांची महिनाभराची झोप नोंदवून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नियमित आणि अनियमित झोपणाऱ्यांच्या एकूण तासांत फारसा फरक नव्हता. तरीही ज्यांच्या वेळा अनियमित होत्या, त्यांचे गुण कमी आढळले.

आम्हा मदरशात शिकलेल्यांना याचे नवल वाटणार नाही. हिफ्जचा नवा सबक उस्ताद मगरिबनंतर पाठ करवून घेत आणि फज्रनंतर ऐकत. दिवसा शिकलेले निद्रेत पक्के होते, हे आज विज्ञान सांगते. आमच्या उस्तादांनी ते अनुभवातून जाणले होते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांना इशापूर्वी झोपणे आणि इशानंतर गप्पा मारत बसणे पसंत नव्हते. आपल्या भागात सूर्योदयाच्या वेळेत वर्षभरात सुमारे सव्वा तासाचाच फरक पडतो. त्यामुळे इशा आणि फज्र या दोन खुंट्यांना ज्याने रात्र बांधली, त्याची निद्रा आपोआप नियमित होते. अल्लाहला सातत्याने केलेले कर्म अधिक प्रिय आहे, मग ते थोडे का असेना, या हदीसचा अर्थ अंथरुणापर्यंतही पोहोचतो.

कोणी म्हणेल, तहज्जुदसाठी उठणाऱ्यांची कुरआनने प्रशंसा केली आहे, त्याचे काय? पण हजरत दाऊद (अ.) यांच्या ज्या रात्रीला प्रेषितांनी (स.) सर्वोत्तम म्हटले, तिच्यातही आधी निम्मी रात्र निद्रा, मग एक तृतीयांश इबादत आणि शेवटी पुन्हा एक षष्ठांश निद्रा असा ठरलेला क्रम होता. नमाजमध्ये डुलकी येऊ लागली तर झोप पुरी होईपर्यंत पडून राहावे, अशीही प्रेषितांची (स.) शिकवण आहे, कारण पेंगुळलेला माणूस क्षमा मागता मागता स्वतःलाच शाप देऊन बसेल.

आता त्या गृहस्थांचा प्रश्न. झोपलेल्या माणसाच्या कर्मांची नोंद होत नाही, असे हदीसमध्ये आहे; पेंगुळलेल्याला ती सवलत नाही. म्हणून मी त्यांना म्हणालो, "मुलावर उगारलेला हात तुमचाच होता. त्याला जवळ घ्या आणि त्याची माफी मागा. परंतु जी निद्रा तुम्हाला मिळूच शकली नाही, तिचा जाब तुम्हाला नाही. कोणावरही त्याच्या शक्तीपलीकडे भार टाकला जात नाही. सुट्टीच्या आदल्या रात्री मोबाइल पाहत घालवलेल्या तासांचा जाब मात्र द्यावा लागेल."

पण जाब त्यांच्या एकट्याचा नाही. रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपला असेल, तर खोलीत अंधार आणि घरात शांतता ठेवणे हे घरच्यांचे कर्तव्य आहे. शेजाऱ्याच्या हक्कांत त्याची निद्राही येते. आणि हे लिहिताना मला स्वतःकडेही बोट दाखवावे लागते. मध्यरात्र उलटेपर्यंत लाउडस्पीकरवर चालणाऱ्या जलशांत मीही बोललो आहे. त्यानंतरच्या फज्रला मागे किती सफा रिकाम्या होत्या, हे मी पाहिले आहे. यापुढे माझे बयान इशानंतर अर्ध्या तासात संपेल, असे मी मशिदीच्या कमिटीला कळवले आहे.

वाचकांनीही घरात एक वेळ ठरवावी आणि लहानथोर सर्वांनी ती पाळावी. आरंभ चाळीस दिवसांचा असो. ज्याला ना डुलकी येते ना निद्रा, तो अल्लाह आपल्या थकलेल्या दासांना शांत निद्रा, जागी अक्ल आणि वेळेवर फज्र नसीब करो. आमीन.