तेराव्या अध्यायापाशी



श्रीगुरुचरित्राचा तेरावा अध्याय आजवर किती वेळा वाचला, ते मी मोजलेलं नाही. गेल्या वर्षीच्या सप्ताहात मात्र तिथंच अडकलो.

कथा आपल्याला ठाऊक आहे. गोदातीरी एक ब्राह्मण पोटशूळाने इतका गांजला, की देहत्याग करायला निघाला. श्रीनृसिंहसरस्वतींनी त्याला बोलावून घेतलं. हा महादोष आहे, हे सांगितलंच. पण तेवढ्यावर न थांबता, तुझं दुःख काय ते सांग, म्हणाले. अन्नच वैरी झालंय, असं तो म्हणाला. मग सायंदेव आले. याला घरी नेऊन जेवू घाल, अशी त्यांना आज्ञा झाली. सायंदेव घाबरले. हा जेवून मेला तर? तेव्हा श्रीगुरू स्वतःच त्यांच्या घरी भिक्षेला गेले. (पोटदुखीवर भरपूर जेवावं, असा अर्थ मात्र कोणी काढू नये!)

हे वाचताना माझा कंठ दाटला. सौ. जाऊन पाच महिने झाले होते. मुलं पुण्याला. रोज फोन यायचा, मी रोज ‘बरा आहे’ म्हणायचो. पहाटे तीनला जाग यायची ती यायचीच. लोक कौतुकाने म्हणायचे, “काका, साधना वाढली हं!” कसली साधना! नैवेद्याच्या घासालासुद्धा चव नव्हती. पोटात गोळा आल्यासारखं व्हायचं, तपासण्या केल्या तर काहीच निघेना. आणि मनात नको ते विचार यायला लागले होते. ते कोणाला सांगणार? दत्ताचा भक्त म्हणवतो ना मी!

आरतीनंतर सभामंडपात बसून राहिलो. शेजारच्या पाटावर वाचायला बसणारे गृहस्थ परत आले. “काका, आज वाचताना थांबलात. काय झालं?” म्हणाले. मी सांगितलं. सगळं सांगितलं. त्यांनी उपदेश केला नाही. दुसऱ्या दिवशी वाचन आटोपल्यावर स्कूटर घेऊन दारात हजर! दवाखान्यात तासभर माझ्याबरोबर बाकावर बसले.

डॉक्टरांनी थायरॉइड आणि बी-१२ तपासायला सांगितलं, कारण त्यांच्या बिघाडानेही मन असंच खचतं. मग म्हणाले, हे नैराश्य आहे. उतारवयात ते पुष्कळदा पोटाच्या, अंगाच्या दुखण्याचं रूप घेऊन येतं. गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, मधेच आपल्या मनाने बंद करू नका, असं त्यांनी दोनदा बजावलं. महिन्याभराने एका रात्री मी साडेपाचपर्यंत झोपलो. काकडआरती चुकली, पण त्या दिवशी भाकरीला चव लागली.

“एवढी पारायणं करून मनाच्या गोळ्या?” असं मला विचारणारे निघालेच. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याला हे कोणी विचारत नाही. उलट सप्ताहात उपासापायी साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर सोडणारे आपल्यात थोडे नाहीत. त्यांनी आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. सेवा देहानेच करायची आहे ना?

ज्यांना जवळ कोणी नाही, त्यांच्यासाठी सरकारची टेली-मानस ही फोनसेवा २०२२ पासून आहे. क्रमांक १४४१६. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही चालते, मराठीत बोलता येतं. मी तो क्रमांक पोथीच्या बासनात कागदावर लिहून ठेवलाय. आपणही ठेवा.

परवा गुरुवारच्या महाप्रसादाला पंक्तीच्या टोकाला एक वयस्कर गृहस्थ एकटेच बसले होते. भात नुसता चिवडत होते. मी माझी पत्रावळ उचलली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मग मी वरण वाढायला सांगितलं, तेव्हा ते हळूच म्हणाले, “रात्री झोपच लागत नाही हो.”