मुद्रा ज्याची, जबाबदारी त्याची

भोपाळचे रेल्वे स्थानक आणि गोविंदपुऱ्याची औद्योगिक वसाहत यांच्या मधल्या पट्ट्यात अशोका गार्डन ही दाट वस्ती आहे. 2023 मध्ये मध्य प्रदेश सरकारने ‘लाडली बहना’ योजना आणली, तेव्हा अशा प्रत्येक वस्तीतल्या बायकांना आधी ‘समग्र’ या राज्याच्या ओळख क्रमांकाची ई-केवायसी करावी लागली. आधार क्रमांक द्यायचा, मोबाइलवर आलेला ओटीपी सांगायचा, बँक खाते आधारशी जोडलेले आहे याची खात्री करून घ्यायची. एवढे झाल्यावर महिन्याला हजार रुपये मिळू लागले. हजार रुपयांसाठी राज्याने ओळख पटवून घेतली, यात काही गैर नाही. पैसा सार्वजनिक आहे. याच बायकांना बँक बजावते, पोलीस बजावतात, फोनवरची ध्वनिफीत बजावते, की ओटीपी आणि पासवर्ड कोणालाही देऊ नका. नियम सोपा आहे आणि साध्या माणसाने तो मोडला तर त्याचे पैसे जातात.

त्याच वर्षी हाच नियम दिल्लीत, संसदेच्या पातळीवर, मोडल्याचे देशाने पाहिले. तृणमूल काँग्रेसच्या खासदार महुआ मोइत्रा यांनी लोकसभेच्या पोर्टलचे आपले लॉगिन आणि पासवर्ड उद्योजक दर्शन हिरानंदानी यांना दिले होते. प्रश्नांच्या बदल्यात लाभ घेतल्याचा आरोप त्यांनी ठामपणे नाकारला. लॉगिन दिल्याचे मात्र त्यांनी स्वतः सांगितले: प्रश्न टाइप करायला कोणाची तरी मदत हवी होती, ओटीपी आपल्याच फोनवर येत होता आणि लॉगिन देऊ नये असा नियम कोणी सांगितला नव्हता. 8 डिसेंबर 2023 रोजी त्यांची खासदारकी रद्द झाली. जून 2024 मध्ये कृष्णनगरच्या मतदारांनी त्यांना पुन्हा निवडून दिले.

या प्रकरणावर पक्षांच्या बाजूने पुष्कळ बोलले गेले. पण त्यांच्या बचावातला सर्वांत गंभीर मुद्दा त्या गदारोळात हरवला. बहुतेक खासदारांची लॉगिने त्यांचे सहायकच वापरतात, असे त्या म्हणत होत्या. हे खरे असेल तर प्रश्न एका खासदाराचा उरत नाही. लोकसभेतला तारांकित प्रश्न हा मतदारसंघातल्या लाखो लोकांच्या वतीने सरकारला विचारलेला जाब असतो. तो नेमका कोणी लिहिला आणि कोणी पाठवला हे सांगता येत नसेल, तर त्या जाबामागे उभे कोण आहे?

ही सवय फक्त भारतातली नाही. जून 2017 मध्ये ब्रिटिश संसदेच्या ईमेल यंत्रणेवर हल्ला झाला. हल्लेखोरांनी पासवर्ड अंदाजाने लावून पाहिले आणि नव्वदच्या आत खाती उघडली गेली. संसदेचे नियम न पाळता ठेवलेले कमकुवत पासवर्ड हे त्याचे कारण होते. त्यानंतर सहा महिनेही झाले नव्हते, तोच खासदार नदीन डोरिस यांनी जाहीरपणे लिहिले की त्यांच्या कार्यालयातले कर्मचारी, प्रशिक्षणार्थींसुद्धा, रोज त्यांच्याच लॉगिनने संगणक उघडतात. दुसरे एक खासदार, निक बोल्स, म्हणाले की आपला पासवर्ड आपण अनेकदा विसरतो, मग तो कर्मचाऱ्यांना विचारावा लागतो. दोघांनाही यात लपवण्यासारखे काही वाटले नाही, म्हणूनच ते उघडपणे बोलले. माझ्या मते या विषयाचे मूळ इथे आहे. सत्ता माणसाला कामे दुसऱ्यांकडून करून घ्यायला शिकवते. दार उघडायला कोणी असतो, फाइल आणायला कोणी असतो, फोन लावून द्यायलाही कोणी असतो. या ओघात ओळखही कोणाच्या तरी हाती सोपवली जाते आणि काय सोपवले हे सोपवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. याला अज्ञान म्हणून सोडून देता येणार नाही. ही अधिकाराची सवय आहे.

सवयीचा दुसरा भाग म्हणजे सहज ओळखता येणारा पासवर्ड. फेब्रुवारी 2012 मध्ये सीरियाचे अध्यक्ष बशर अल-असद यांच्या कार्यालयाशी संबंधित मंत्रालयाच्या ईमेल खात्यांत घुसखोरी झाली. त्यांतल्या काही खात्यांचा पासवर्ड ‘12345’ होता. यादवी युद्धाच्या काळात आपल्याच जनतेवर रणगाडे पाठवणाऱ्या सत्तेच्या पत्रव्यवहाराला पाच अंकांचे कुलूप होते. 2008 मध्ये अमेरिकेत उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचे ईमेल खाते एका विद्यार्थ्याने उघडले. त्याला पासवर्ड शोधावाही लागला नाही. ‘पासवर्ड विसरलात का?’ या वाटेने तो गेला. जन्मतारीख, पिनकोड आणि नवऱ्याशी भेट कुठे झाली, ही तिन्ही उत्तरे इंटरनेटवरच्या उघड माहितीतून मिळाली. ऑक्टोबर 2020 मध्ये डच तज्ज्ञ व्हिक्टर गेव्हर्स यांनी डोनाल्ड ट्रम्प यांचे ट्विटर खाते ‘maga2020!’ हा पासवर्ड लावून उघडल्याचे सांगितले. तो ट्रम्प यांच्या प्रचारघोषणेच्या आद्याक्षरांतून आला होता. व्हाइट हाउसने ते नाकारले, ट्विटरलाही पुरावा दिसला नाही. मात्र नेदरलँड्सच्या सरकारी वकिलांनी डिसेंबरमध्ये गेव्हर्स खरोखर आत शिरले होते हे मान्य केले आणि जबाबदारीने सावध केल्याबद्दल त्यांच्यावर खटला भरला नाही.

आपल्याकडे हा धोका आणखी मोठा आहे, कारण आपला नेता आपले आयुष्य चौकात टांगून ठेवतो. वाढदिवसाची तारीख फलकावर असते, मुलांची नावे फलकावर असतात, आवडत्या देवस्थानाचा फोटो फलकावर असतो. गाडीचा लाडका क्रमांक सगळ्या जिल्ह्याला पाठ असतो. ज्याने या गोष्टींतून पासवर्ड बनवला, त्याने तो आधीच जाहीर केला आहे. सामान्य माणसाची जन्मतारीख शोधायला चोराला थोडे तरी कष्ट पडतात.

याची किंमत कोण मोजते, हे भोपाळला शिकवावे लागत नाही. राज्याचे ई-टेंडर पोर्टल अरेरा हिल्सवर मुख्यालय असलेल्या इलेक्ट्रॉनिक्स विकास महामंडळाकडे होते. 2018 मध्ये जल निगमाच्या तीन निविदांमध्ये बोलीच्या रकमा भरल्यानंतर बदलल्या गेल्याचे लक्षात आले. त्या ग्रामीण नळपाणी योजनांच्या निविदा होत्या. एप्रिल 2019 मध्ये राज्याच्या आर्थिक गुन्हे विभागाने नऊ निविदांबाबत गुन्हा नोंदवला. त्या सुमारे 3,000 कोटी रुपयांच्या होत्या. त्यात कोणाचा दोष होता हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे, या लेखाचे नाही. नागरिकाला कळण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. सीलबंद पाकिटाच्या जागी पोर्टल आले ते निविदेत ‘ध’चा ‘मा’ होऊ नये म्हणून. पण पोर्टलचा भरवसा शेवटी लॉगिन आणि डिजिटल स्वाक्षरी कोणाच्या हाती आहे यावरच टिकतो. ते हात सैल पडले, तर गावच्या नळाचा हिशेब बंद खोलीत बदलू शकतो आणि ज्या बाईच्या हंड्यासाठी ती योजना होती तिला काही कळतही नाही.

नेत्यांच्या खात्यांत घुसखोरी महाराष्ट्रातही झाली आहे. ऑगस्ट 2024 मध्ये खासदार सुप्रिया सुळे यांनी आपला फोन आणि व्हॉट्सॲप हॅक झाल्याचे स्वतः जाहीर केले आणि कोणीही संपर्क करू नये असे आवाहन केले. त्यांनी ते लपवले नाही, हे चांगले केले. 21 सप्टेंबर 2025 रोजी उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांचे एक्स खाते काही काळ परक्या हाती गेले आणि त्यावर पाकिस्तान आणि तुर्कस्तानचे झेंडे झळकले. त्या दिवशी नुकसान मर्यादित राहिले. पण दंगलीच्या रात्री अशाच खात्यावरून एक खोटा आदेश आला तर? नेत्याच्या एका वाक्यावर गर्दी जमते, बाजार हलतो, पोलीस बाहेर पडतात. म्हणून त्याच्या खात्याचे रक्षण ही त्याची खासगी बाब राहत नाही.

मराठी राज्याला हे भान होते. शिवकालीन पत्रात वर मुद्रा असे आणि मजकूर संपला की शेवटी मोर्तब, म्हणजे त्याखाली कोणाला एक ओळही वाढवता येऊ नये. राजा सगळी पत्रे स्वतः लिहीत नव्हता. चिटणीस होते, कारकून होते, प्रधान होते. कामे वाटलेली होती, पण प्रधानांच्या मुद्रा वेगळ्या होत्या. पेशव्याने जे केले ते पेशव्याच्या मुद्रेखाली केले. अधिकार सोपवताना राजाने आपली मुद्रा उधार दिली नाही. ज्याला अधिकार दिला त्याला त्याची मुद्रा दिली. म्हणून तीनशे वर्षांनंतरही संशोधक कागद हाती घेऊन सांगू शकतो की हा हुकूम कोणाचा होता.

‘नेते कामात बुडालेले असतात, त्यांनी लॉगिन करत बसायचे का?’ या आक्षेपाला हेच उत्तर आहे. त्यांनी काम जरूर सोपवावे. सहायकाला त्याचे स्वतःचे, मर्यादित अधिकारांचे खाते द्यावे. त्याने काय केले याची नोंद राहील, तो नोकरी सोडून गेला की ते खाते बंद होईल आणि चूक झाली तर ती कोणाची हे कळेल. हे तंत्र जुने आणि स्वस्त आहे. एकाच पासवर्डवर पाच जण बसले की दोषी सापडत नाही आणि निर्दोषालाही आपले निर्दोषत्व सिद्ध करता येत नाही. प्रामाणिक नेत्याने स्वतःच्या बचावासाठी तरी हे करायला हवे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. ऑक्टोबर 2023 च्या अखेरीस प्रियंका चतुर्वेदी, शशी थरूर यांच्यासह अनेक विरोधी नेत्यांना ॲपलकडून इशारा आला, की सरकारपुरस्कृत हल्लेखोर तुमच्या फोनला लक्ष्य करत असावेत. अशा हेरगिरीपुढे चांगला पासवर्ड काय करणार? फारसे नाही, हे मान्य करायला हवे. त्याविरुद्ध कायदा, न्यायालय आणि स्वतंत्र तपास हवा. पण बलाढ्य शत्रूपुढे कुलूप टिकत नाही म्हणून भुरट्या चोरासाठी दार सताड उघडे ठेवायचे नसते. आणि ज्याने आपले लॉगिन कार्यालयभर वाटले आहे, त्याच्या खासगीपणाच्या तक्रारीची धारही बोथट होते.

काय करायचे तेही अवघड नाही. लांबी महत्त्वाची: आठ लहान इंग्रजी अक्षरांच्या सुमारे 21 हजार कोटी जोड्या होतात आणि आजच्या यंत्रांना त्या फार वाटत नाहीत. एकमेकांशी संबंध नसलेले पाच-सहा शब्द जोडले तर पासवर्ड लक्षातही राहतो आणि सापडतही नाही. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड आणि त्यावर दुसरे कुलूप म्हणून ओटीपीपेक्षा भक्कम अशी हातातली सुरक्षा-किल्ली किंवा पासकी, म्हणजे फोन-संगणकात साठवलेली डिजिटल किल्ली, हवी. भारत सरकारच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने 2022 मध्ये कर्मचाऱ्यांना दर 45 दिवसांनी पासवर्ड बदलायला सांगितले. अमेरिकेच्या मानक संस्थेने मात्र 2017 पासूनच अशी सक्ती नको म्हटले आहे, कारण बदलाच्या घाईत माणूस जुन्याच शब्दामागे एक अंक वाढवतो. नियमही विचारपूर्वक हवेत.

पण नियम सचिवालयातल्या कारकुनाला आणि मोकळीक मंत्र्याला, ही रीत आधी मोडायला हवी. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात उमेदवाराला ईमेल आणि समाजमाध्यमांची खाती आधीच नोंदवावी लागतात. निवडून आल्यावर त्याने दरवर्षी सभागृहापुढे आणखी तीन गोष्टी ठेवाव्यात: सरकारी खात्यांना दुहेरी पडताळणी आहे का, त्यांवर अधिकार दिलेले सहायक किती आणि वर्षभरात घुसखोरीचा प्रकार झाला का. पासवर्ड कोणी मागत नाही; जबाबदारीचा हिशेब मागायचा आहे. संसदेने आणि विधिमंडळांनी हे स्वतःहून केले तर उत्तम. नाही केले, तर मत मागायला दारात आलेल्या उमेदवाराला हे तीन प्रश्न विचारण्याचा अधिकार अशोका गार्डनमधल्या त्या बाईला आहे. हजार रुपयांसाठी तिने आपली ओळख नीट सिद्ध केली आहे. तिच्या नावाने सरकार चालवणाऱ्याने आपली ओळख तितक्याच काळजीने राखावी, एवढी तिची मागणी रास्त आहे आणि ती टाळण्याची सोय लोकशाहीने कोणाला दिलेली नाही.