धरण भरलं, नदीचं काय?

"इरई भरली, आता वर्षाची चिंता मिटली." पावसाळा सरत आला की ऊर्जानगरात, चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत, हे ऐकू येतं. यंदा माझ्या परिचयाचे एक निवृत्त अभियंते तेच म्हणाले आणि ते वाक्य डोक्यातून जाईना. भरलं होतं ते धरण. धरणाच्या खाली, खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांना वळसा घालत चंद्रपूरकडे येणारी इरई मे महिन्यात दाताळ्याच्या पुलावरून पाहावी. थांबलेली डबकी, मध्ये कोरडी वाळू आणि काठाने बेशरमची दाट झुडपं.

नदी जीवनदायिनी असते, हे आपण सगळ्यांनी शाळेच्या निबंधात लिहून टाकलेलं आहे. मला बोलायचंय ते साठलेल्या आणि वाहत्या पाण्यातल्या फरकाबद्दल. साठा मोजता येतो, वाटता येतो, त्याला मालक असतो. वाहतं पाणी कुणाच्याच नावावर नसतं, म्हणून त्याची बाजू घ्यायलाही कुणी नसतं. पण पहिल्या पुराला मासा वर चढतो तो वाहत्या पाण्यात. नदी सुरय हा पक्षी उघड्या वाळूवर अंडी घालतो आणि ती वाळू पूरच आणून टाकतो. काठच्या विहिरी आणि ढीवरांची जाळी वाहत्या नदीच्याच भरवशावर असतात. धरण किती टक्के भरलं, या आकड्यात यातलं काहीच येत नाही.

अभियंत्यांचं म्हणणं, खाली सोडलेलं पाणी वाया जातं. इरई हडस्तीजवळ वर्धेला मिळते, वर्धा-वैनगंगेची प्राणहिता होते, ती सिरोंच्यापाशी गोदावरीत आणि गोदावरी समुद्रात. मग आपल्या हाती काय राहिलं? हा 'आपण' फार तोकडा आहे. प्राणहितेकाठच्या चपराळ्याच्या जंगलातलं जनावर आणि सिरोंच्याचा शेतकरी त्यात बसत नाहीत.

त्यांचा दुसरा मुद्दा मात्र मला खोडता आला नाही. २०१० च्या उन्हाळ्यात धरण आटलं आणि वीज केंद्राचे संच बंद ठेवावे लागले. त्याच धरणातून चंद्रपूर शहर पाणी पितं. हे सोसलेल्या माणसाने भरलेल्या धरणाकडे पाहून सुटकेचा श्वास टाकला, तर त्यात गैर काय?

इथे थोडं आडवाटेला जातो. चंद्रपूर वसलं त्याची दंतकथा नदीचीच आहे. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाच्या अंगभर गाठी होत्या. शिकारीला गेलेला तहानलेला राजा झरपट नदीच्या कोरड्या पात्रात उतरला. एका खळग्यात थोडं पाणी सापडलं. त्याने तोंड धुतलं, पाणी प्यायला, आणि त्या रात्री त्याला गाढ झोप लागली. गाठी उतरल्या. त्या जागी अचलेश्वराचं देऊळ उभं राहिलं, जवळ शहर वसलं. कोरडी दिसणारी नदी वाळूखालून वाहत असते, हे झिरा खोदून पाणी भरणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. आज त्याच झरपटीवर इकॉर्निया या जलपर्णीचा हिरवा थर आहे आणि खाली शहराचं सांडपाणी. ते पुढे इरईतच जातं.

धरणाविरुद्ध लिहायचं असं ठरवून मी बसलो होतो, पण धरणाच्या जलाशयाकाठची मोहर्ली आडवी आली. भर उन्हाळ्यात ताडोबातले नाले आटतात, तेव्हा इरईचा जलाशय चितळ, गवा, वाघ आणि पक्ष्यांचे थवे सगळ्यांना आधार देतो. जंगलात पाणी असलं, तर जनावरांना वस्तीकडे येण्याचं एक कारण कमी होतं, म्हणून ही ऊर्जानगरकरांच्याही जिवाची गोष्ट आहे. २०२२ च्या फेब्रुवारीत लागोपाठच्या दोन रात्री केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा आणि दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाचा जीव घेतला. धरण नको, असं आता मला म्हणता येत नाही. पण धरण हवं म्हणून खालची नदी नको, असंही होत नाही.

मग खाली सोडायला पाणी आणायचं कुठून? ऊर्जानगरातून मान वर केली की कूलिंग टॉवरवर पांढरा ढग दिसतो. धूर चिमणीतून निघतो. हा ढग पाण्याचा आहे, इरईचा. पर्यावरण मंत्रालयाच्या २०१५ च्या मापदंडाने जुन्या केंद्रांना एका युनिट विजेमागे साडेतीन लिटर पाण्याची मुभा आहे. २९२० मेगावॉटचं हे केंद्र पूर्ण क्षमतेने चाललं, तर त्या हिशेबाने दिवसाला सुमारे साडेचोवीस कोटी लिटर. आणि २०१६ च्या केंद्रीय वीजदर धोरणात म्हटलंय की, सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी प्रक्रिया केलेलं सांडपाणी वापरलंच पाहिजे. झरपटीला नासवणारं पाणी शुद्ध होऊन टॉवरला गेलं, तर तितकंच इरईचं पाणी धरणात वाचेल.

हे वाचलेलं पाणी कुणाचं, यावर माझं त्या अभियंत्यांशी अजून पटलेलं नाही. ते म्हणतात, राखीव ठेवा. मी म्हणतो, ते नदीचं आहे, आणि नव्या संचाला किंवा नव्या कारखान्याला देऊ नये. पावसाळ्यानंतर धरणाच्या पाण्याचं आरक्षण ठरतं, तेव्हा पिणं, शेती, उद्योग यांचे वाटे मांडले जातात. इरईच्या बाबतीत त्यात एक वाटा नदीचाही धरा, आणि तो जानेवारी ते जून दर महिन्याला खाली सोडा. ही मागणी सगळ्यात आधी ऊर्जानगरातून गेली पाहिजे, कारण ते पाणी आपण वापरतो.