रस्ता आणि प्राणिमात्र : तेराव्या प्रतिज्ञेचा एक विचार



दीक्षेच्या दिवशी आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या. देवदेवतांना न मानण्याची, श्राद्धपक्ष न करण्याची प्रतिज्ञा आपल्या घरांत चांगली रुजली आहे. देव्हारा गेला, नवससायास गेले आणि हा बदल शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही दिसला. परंतु तेरावी प्रतिज्ञा, सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची, आपण तोंडाने म्हणतो आणि पुढे जातो. फार तर जत्रेतल्या बकऱ्या-कोंबड्यांपुरता तिचा विचार करतो. आज ही प्रतिज्ञा आपण रस्त्यावर नेऊन पाहू. रस्ता म्हणजे खराखुरा डांबरी रस्ता, जो रानातून जातो आणि ज्यावर रात्री रानातील जीव मरतात.

तुमच्या मनात पहिला प्रश्न कोणता येईल, हे मी जाणतो. तुम्ही म्हणाल, “आमच्या वस्तीला अजून धड रस्ता नाही. पावसाळ्यात अडलेल्या बाईला बाजेवर घालून चिखलातून सडकेपर्यंत न्यावे लागते. आणि तुम्ही आम्हाला वाघाच्या वाटेचे सांगता?”

प्रश्न रास्त आहे. त्याला बगल देऊन धम्माची चर्चा करणे म्हणजे पोथी वाचणे होय. म्हणून आधी याच प्रश्नाला भिडू.

रस्ता आपल्या पूर्वजांना फुकट मिळाला नाही. पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर अस्पृश्याला कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून चालावे लागे, हे परमपूज्य बाबासाहेबांनी 1936 साली जगापुढे मांडले. केरळात वैकम येथे देवळाभोवतालच्या नुसत्या रस्त्यावरून चालता यावे म्हणून 1924 साली सत्याग्रह करावा लागला. आणि महाडचे चवदार तळे? त्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, परधर्मीय पीत होते; फक्त आपल्या माणसांना मज्जाव होता. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतले तेव्हा कोठे तो मज्जाव मोडला. मुंगीला साखर घालणारे हात माणसाला पाणी देत नव्हते! म्हणून जनावरांवरील दयेची भाषा कानी पडली की आपल्या कपाळाला आठी पडते. ती आठी अज्ञानाची नाही, अनुभवाची आहे.

पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. त्या ढोंगाचा दोष जनावरांकडे नव्हता. महाडला बाबासाहेबांनी गुरांना तळ्यावरून हाकला असे म्हटले नाही. माणसाला पाणी मिळाले पाहिजे असे म्हटले. हक्क मागताना त्यांनी दुसऱ्या कोणाची तहान नाकारली नाही. आपल्या चळवळीचा हा स्वभाव आहे आणि तो आपण विसरता कामा नये.

आता रानातील रस्त्याकडे वळू. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. पूर्वी त्याचा क्रमांक 7 होता, आता 44 आहे. मनसर सोडून खवासाकडे निघाले की दोन्ही बाजूंना पेंचचे जंगल लागते. या जंगलाचे एका अंगाला कान्हाच्या आणि दुसऱ्या अंगाला नागझिऱ्याच्या जंगलाशी नाते आहे. मधले झाडीचे पट्टे हेच ते नाते. वाघाचा बच्चा वयात आला की आईचा मुलूख सोडून नवा मुलूख शोधायला निघतो. निघाला नाही तर एकाच रक्तात वीण होऊन वंश दुबळा होतो. 2019 साली यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वरचा एक तरुण वाघ असाच निघाला. त्याच्या गळ्यात संशोधकांनी रेडिओ पट्टा बांधलेला असल्यामुळे त्याची वाट कळली. तेलंगणात शिरून, परत फिरून, शेते आणि रस्ते ओलांडत, सुमारे पाच महिन्यांत 1,300 किलोमीटरांहून अधिक चालून तो बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सर्वांचे नशीब असे नसते. बोर व्याघ्र प्रकल्पाचा ‘बाजीराव’ म्हणून ओळखला जाणारा वाघ डिसेंबर 2017 च्या अखेरीस नागपूर-अमरावती रस्त्यावर बाजारगावजवळ वाहनाच्या धडकेने मेला.

वाघाची बातमी तरी छापून येते. पावसाळी रात्री घाटातल्या रस्त्यावर चिरडलेल्या बेडकांची कोण मोजदाद करतो? तापलेल्या डांबराच्या उबेला आलेला साप, दिव्यांच्या झोताने डोळे दिपून जागीच थिजलेला ससा, यांची बातमी होत नाही. शिवाय चाकाखाली मरणे हा रस्त्याचा एकच परिणाम नव्हे. रुंद रस्ता, त्यावरचा आवाज आणि उजेड यांना भिऊन पुष्कळ जनावरे रस्त्याजवळ येतच नाहीत. म्हणजे रस्ता ही त्यांना भिंत होते. रस्त्यामागून ढाबे येतात, प्लॉट पडतात आणि एका रानाची चार तुकड्यांत वाटणी होते.

आता धम्माचा प्रश्न विचारू. बाजारगावजवळ तो वाघ कोणी मारला? गाडी चालवणारा म्हणेल, मी मारला नाही, तो अंधारातून आडवा आला. अभियंता म्हणेल, मी फक्त आराखडा काढला. ठेकेदार म्हणेल, मी हुकुमाप्रमाणे खडी टाकली. कोणाचाही मारण्याचा इरादा नव्हता, तरी वाघ मेला. भगवान बुद्धांनी चेतनेला कर्म म्हटले आहे. मग येथे कोणाचेच अकुशल कर्म नाही, असे म्हणून आपण सुटावे काय?

धम्मपदाच्या अट्ठकथेत चक्षुपाल थेरांची गोष्ट आहे. ते दोन्ही डोळ्यांनी आंधळे होते. पाऊस पडून गेल्यावर पहाटे ते चंक्रमण करीत असता त्यांच्या पायाखाली बरेच किडे मेले. भिक्षूंनी तक्रार केली. तथागतांनी निर्णय दिला की थेरांना ते किडे दिसले नाहीत, मारण्याची चेतना नव्हती, म्हणून दोष नाही. हा न्याय आहे. पण तो कोणाला लागू आहे? ज्याला दिसत नव्हते त्याला! थेरांना डोळे नव्हते, आपल्याला आहेत. जनावरे कोठून ओलांडतात, कोणत्या वेळी ओलांडतात, कोठे मरतात, हे आता कॅमेऱ्यांनी दाखवले आहे, संशोधकांनी लिहिले आहे. कळल्यानंतरही जो व्यवस्था करीत नाही, त्याला चक्षुपाल थेरांची सबब मिळणार नाही. त्याचा दोष हिंसेचा नसेल, प्रमादाचा आहे. आणि अप्रमाद हाच तथागतांच्या अखेरच्या उपदेशाचा गाभा होता.

बंधूंनो, हा मुद्दा जगातल्या कोणाला कळो न कळो, आपल्याला कळला पाहिजे. कारण आपल्यावरही अन्याय असाच झाला. वस्तीला विहीर का नाही असे विचारले तर पाटील म्हणे, मी कोठे अडवली? तलाठी म्हणे, माझ्याकडे कागद नाही. पुजारी म्हणे, ही तर पूर्वापार रूढी. कोणीच नाही म्हणत नव्हते आणि विहीरही होत नव्हती. हात न लावता मारणारी व्यवस्था कशी असते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. ज्याने ती भोगली, त्याने दुसऱ्या जिवाच्या बाबतीत ‘माझा इरादा नव्हता’ एवढ्यावर समाधान मानू नये.

मग उपाय काय? रस्ते बंद करावयाचे? मुळीच नाही. येथे आपला धम्म किती व्यवहारी आहे ते पाहा. आपण दरवर्षी आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास पाळतो, विहारात ग्रंथवाचन करतो. हा वर्षावास सुरू कसा झाला? विनयपिटकात त्याचे कारण सांगितले आहे. भिक्षू बारमाही हिंडत. पावसाळ्यात त्यांच्या पायांखाली हिरवे गवत तुडवले जाते, बारीकसारीक जीव मरतात, पाखरेसुद्धा या दिवसांत घरटे करून राहतात, अशी लोकांनी तक्रार केली. तथागतांनी ती तक्रार ऐकली आणि पावसाळ्यात एका ठिकाणी राहण्याचा नियम घातला. त्यांनी चारिका बंद केली नाही. उरलेले महिने धम्म गावोगावी जातच राहिला. चालणे टिकवले, पण चालण्याला मर्यादा घातली. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा निर्णय म्हणजे वाट आणि जीव यांच्यात केलेला समझोताच होय.

आजही असे समझोते होतात. कर्नाटकात बंदीपूरच्या जंगलातून जाणारे महामार्ग 2009 पासून रात्री 9 ते पहाटे 6 पर्यंत वाहनांना बंद असतात. रुग्णवाहिका आणि मोजक्या बसगाड्या यांना मुभा आहे. पेंचमध्ये रस्ता चौपदरी करताना वाद न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातून वेगळा मार्ग निघाला. महाराष्ट्राच्या हद्दीतील सुमारे 16 किलोमीटरांच्या पट्ट्यात नऊ ठिकाणी रस्ता उचलून पुलावर घेतला. वरून गाड्या, खालून जनावरे. यांतील सर्वांत आखूड पूल 50 मीटरांचा आणि सर्वांत लांब 750 मीटरांचा आहे. जनावरे त्याखालून जातील काय, अशी शंका होती. 2019 साली मार्च ते डिसेंबर या काळात भारतीय वन्यजीव संस्थेने तेथे कॅमेरे लावून पाहिले. 18 जातींचे वन्यप्राणी पुलाखालून गेलेले दिसले. त्यांत चितळ, रानडुक्कर, रानकुत्रे होते आणि 11 निरनिराळे वाघही होते. माणसाने वाट ठेवली तर जनावर ती वापरते, हे सिद्ध झाले. माणसाचाही प्रवास थांबला नाही.

ही दृष्टी परकी समजू नका. सम्राट अशोकाने आपल्या शिलालेखांत रस्त्याकडेला लावलेल्या वडांचा, खोदलेल्या विहिरींचा, पाणपोयांचा उल्लेख केला आहे आणि ही सोय माणसे व जनावरे या दोघांसाठी आहे असे नमूद केले आहे. एका लेखात तर विनाकारण वणवे लावू नयेत अशी आज्ञा आहे. रस्ता बांधताना माणूस आणि जनावर यांचा एकत्र विचार करणारा राजा आपल्या परंपरेतला आहे. त्याच राजाचे चक्र आज राष्ट्रध्वजावर आहे.

कोणी म्हणेल, हे मागे नेणारे विचार आहेत. नाहीत. बाबासाहेब विकासाचे विरोधक नव्हते. 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री असताना दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्यांच्या देखरेखीखाली झाली. जुन्या खेड्याचे गोडवे त्यांनी कधी गायिले नाहीत. अहिंसेचाही त्यांनी अतिरेक केला नाही. गरजेपोटी होणारी हत्या आणि मारण्याच्या हौसेने होणारी हत्या यांत भेद आहे, अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळा नियम नव्हे, असे त्यांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात समजावले. त्याच ग्रंथात करुणा आणि मैत्री यांतील फरकही सांगितला : करुणा माणसांपुरती आहे, मैत्री सर्व जीवमात्रांपर्यंत जाते, बुद्ध करुणेवर थांबले नाहीत. म्हणजे आपल्याला विचारावयाचा प्रश्न साधा आहे. या मृत्यूंची गरज होती काय? पूल बांधून, वेग कमी करून, रात्रीची वाहतूक रोखून जे टळते, ते गरजेचे नव्हते.

आणि खर्च? पुलाला जादा पैसा लागतो हे खरे. पण वाघाचा पूल वाचवला म्हणून तो पैसा आपल्या वस्तीत येत नाही. आजवर कधी आला नाही. वस्तीचा दोन फर्लांगांचा रस्ता वाघामुळे अडलेला नाही, तो जातीमुळे अडलेला आहे. जो कोणी आपल्याला सांगेल की तुम्ही किंवा जनावरे, दोघांपैकी एक निवडा, त्याला ओळखून असा. तो दोघांनाही द्यावयाचे नाही म्हणून हा पेच टाकतो. शिवाय रानाचे तुकडे पडले की भटकलेला वाघ बंगल्यात शिरत नाही. तो मोहफुले वेचणाऱ्या बाईला, गुरे राखणाऱ्या पोराला, रात्री धानाला पाणी देणाऱ्या गड्याला भेटतो. ही माणसे कोण आहेत, हे मी सांगावयास नको.

तेव्हा तेरावी प्रतिज्ञा रोजच्या जगण्यात आणा. आपल्या घरातील तरुण ट्रक, जीप किंवा मोटरसायकल चालवीत असेल तर रानातून जाताना, विशेषतः रात्री, वेग आवरण्यास त्याला सांगा. पुण्य लागते म्हणून घाटात माकडांपुढे केळी-चणे टाकण्याची जुनी रीत सोडा. त्यामुळे ती रस्त्यावर येऊन बसतात आणि चाकाखाली जातात. भागात मोठ्या रस्त्याची जनसुनावणी असेल तर संघटितपणे जा आणि दोन मागण्या एकाच अर्जात लिहा : आमच्या वस्तीला पक्का रस्ता द्या आणि रान ओलांडणाऱ्या जिवांना वाट ठेवा. पहिली मागणी हक्काची आहे, दुसरी मैत्रीची. दोन्ही एकाच सहीने करता येतात.

ज्यांच्या पूर्वजांना वाट नाकारली गेली, त्यांनी वाट हाती आल्यावर ती दुसऱ्यासाठीही मोकळी ठेवावी. आपण धम्म घेतला याची यापेक्षा चांगली खूण मुलाबाळांना आणखी कोणती दाखवणार?

जय भीम! नमो बुद्धाय!