नियमानें केलेली शिकार न्याय्य आहे काय?

मेंढवाड्यांत शिरलेल्या लांडग्यास मारावें कीं नाहीं, असें खेड्यांतील कोणत्याही मनुष्यास विचारलें, तर उत्तरास क्षणाचाही विलंब लागणार नाहीं. ज्याच्या घराचा निर्वाह दहा मेंढरांवर चालतो, त्यानें तीं राखण्यासाठीं काठी उचलली तर त्यास दोष कोण देईल? परंतु ह्याहून कठीण असा दुसरा एक प्रश्न आहे, व त्याचाच विचार येथें कर्तव्य आहे. ज्या लांडग्यानें कोणाचेंही कोंकरूं उचललें नाहीं, त्यासही केवळ त्याच्या जातीची संख्या वाढली म्हणून सरकारनें परवाने देऊन मारवावें, हें न्याय्य आहे काय?

असा नियम करणाऱ्यांचें म्हणणें पोकळ नाहीं. ते म्हणतात कीं, हिंस्र पशूंची संख्या बेसुमार वाढूं दिली, तर रानाच्या कडेस राहणाऱ्या लोकांचें नुकसान वाढतें, त्यांचा धीर सुटतो, आणि मग ते विष घालून किंवा चोरून गोळी घालून त्या जातीचा फडशा पाडतात. त्यापेक्षां दरवर्षीं मोजून थोडे मारावे, म्हणजे लोकांचा राग आवरेल व पशूंची जातही टिकेल. मोजमाप नसलें म्हणजे काय होतें, ह्याचा दाखला अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं विस्कॉन्सिन येथें मिळतो. तेथें १८६५ सालीं लांडगा मारणारास सरकारी बक्षीस देण्याची चाल सुरू झाली. ती १९५७ सालीं थांबली; परंतु १९६० च्या सुमारास पाहावें तों त्या संस्थानांत लांडग्यांचा एकही कळप उरला नव्हता. अशा सरसकट संहाराशीं ताडून पाहिलें, तर मोजून मारण्याचा नियम हा एक प्रकारें दयेचाच नियम म्हणावा लागेल.

परंतु नियम लिहिणें निराळें आणि तो पाळणें निराळें. त्याच विस्कॉन्सिनांत पुढें काय घडलें, तें ऐका. कायद्याचें संरक्षण मिळाल्यावर शेजारच्या मिनेसोटांतून लांडगे पुनः आले, आणि २०२० सालच्या गणतींत ते एक हजारांहून अधिक भरले. जानेवारी २०२१ मध्यें मध्यवर्ती सरकारनें तें संरक्षण काढून घेतलें. संस्थानाच्या खात्याचा बेत नोव्हेंबरांत शिकार ठेवण्याचा होता; परंतु शिकाऱ्यांची एक संस्था न्यायालयांत गेली, व फेब्रुवारींतच शिकार झाली पाहिजे असा हुकूम झाला. घाईघाईनें दोनशेंची मर्यादा ठरली. त्यांपैकीं ८१ चा वांटा जुन्या करारांप्रमाणें तेथील मूळच्या ओजिब्वे लोकांचा होता. ते लोक लांडग्यास आपला भाऊ मानतात, म्हणून त्यांनीं आपल्या वांट्याचे लांडगे मारले नाहींत. इतरांसाठीं ११९ राहिले.

शिकार २२ फेब्रुवारीस सुरू झाली आणि २४ तारखेस बंद करावी लागली. एवढ्या वेळांत २१८ लांडगे पडले. म्हणजे ठरल्याहून ९९ अधिक. बर्फांत पाऊल स्पष्ट उमटतें, व शिकारी कुत्रे त्याचा माग काढीत. बहुतेक लांडगे ह्याच रीतीनें मारले गेले. शिवाय तो महिना लांडग्यांच्या माजाचा होता.

आतां ह्यांत दोष कोणाचा? परवाना होता, मर्यादा होती, हिशेबही होता. मारलेल्या लांडग्याची वर्दी चोवीस तासांच्या आंत द्यावी, आणि शिकार थांबवावयाची तर चोवीस तास अगोदर जाहीर करावें, असा कायदाच होता. ह्या दोन मुदतींच्या फटींतून मर्यादा वाहून गेली. ज्याच्या हातीं परवाना होता त्यास, ‘मीं कायदा मोडला नाहीं,’ असें खुशाल म्हणतां येईल, आणि तरी सर्वांनीं मिळून तो मोडला! शिवाय एकानें विवेकास स्मरून जें सोडून दिलें, तें दुसऱ्यानें लुटलें. सोडलेला वांटा लांडग्यांस राहिला नाहीं, कीं सोडणारासही राहिला नाहीं.

सत्य सांगावयाचें तर, ह्या शिकारीनें तेथील लांडग्यांची जात बुडाली नाहीं. पुढील हिवाळ्याच्या अंदाजांतही ते हजाराच्या आसपासच होते. फेब्रुवारी २०२२ त दुसऱ्या एका न्यायालयानें संरक्षण पुनः लागू केलें. परंतु कारभाऱ्यानें ठरल्याहून अधिक धान्य काढलें, तर कोठार रिकामें झालें नाहीं म्हणून त्याचा हिशेब खरा ठरत नाहीं.

आपल्या देशाचा कायदा निराळ्या वाटेनें जातो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें वाघ-बिबट्यांची संख्येप्रमाणें शिकार करतां येत नाहीं; अमुक एक जनावर मनुष्याच्या जिवास धोका झालें आहे, आणि तें जिवंत धरतां येत नाहीं, अशी खात्री झाल्यावरच मुख्य वन्यजीव रक्षक तें मारण्याचा लेखी हुकूम देतो. तेथें संख्या पाहतात, येथें अपराध पाहतात. तरीही तंटा मिटत नाहीं. यवतमाळ जिल्ह्यांतील अवनी वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा आरोप होता. ती नोव्हेंबर २०१८ त मारली गेली, तेव्हां तिला जिवंत धरण्याचा यत्न मनापासून झाला होता काय, ह्याविषयीं मोठा वाद माजला. आणि जुन्नराकडे रात्रीं उसास पाणी देण्यास जाणाऱ्या शेतकऱ्यानें विचारलें कीं, ‘बिबट्याचा अपराध सिद्ध होण्यासाठीं माझ्याच घरचें माणूस जावें काय?’ तर त्यास उत्तर देणें सोपें नाहीं. दूर शहरांत बसून पशूंवर प्रेम करणारांनीं त्या प्रेमाची किंमत ह्या शेतकऱ्याकडून वसूल करूं नये.

म्हणून आमच्या मतें संख्या बेतण्यासाठीं केलेली शिकार स्वतः पाप नव्हे. परंतु तिनें तीन अटी पाळल्या पाहिजेत. गणती प्रामाणिक असावी. हात थांबविण्याचा उपाय गोळीहून मंद नसावा. आणि जो पशु मारावयाचा, त्याच्या मरणानें ज्या गरिबाचें नुकसान होत आहे त्याचें खरोखर निवारण व्हावें. दूर रानांत फिरणारा लांडगा मारून गांवाजवळचें मेंढरूं वांचत नाहीं. ह्या अटी नसतील, तर मजबूत कुंपण, राखणीचे कुत्रे व वेळेवर पोंचणारी नुकसानभरपाई हींच अधिक न्याय्य होत.

रान आपल्या मालकीचें नाहीं. आपण त्याचे कारभारी आहों. कारभाऱ्यास झाड तोडण्याचा अधिकार असतो, हिशेब न देण्याचा नसतो. परवाना सरकार देऊं शकतें. आपल्या वांट्यापाशीं थांबण्याची शक्ति मात्र ज्यानें त्यानें आपल्या अंतःकरणांतून आणावी लागते, मग हातांत बंदूक असो कीं नांगर.